कठीण लादी आणि हिऱ्याची ब्लेड : काही रूढ गैरसमज

कर्ली नदीच्या काठी वसलेल्या आणि लक्ष्मीनारायणाच्या देवळामुळे व त्यालगतच्या तलावामुळे ख्यात असलेल्या वालावल गावात एखाद्या जुन्या घराची दुरुस्ती निघाली, म्हणजे भिंती बहुधा जांभ्या चिऱ्याच्याच राहतात. परंतु शेणाने सारवलेल्या जमिनीच्या जागी विट्रीफाइड लादी येते. एकाच छपराखाली परस्परविरुद्ध स्वभावाचे हे दोन पदार्थ नांदू लागले आणि दोहोंनाही कटरवर चढवलेल्या एकाच ब्लेडने कापण्याचा शिरस्ता पडला. लाद्यांच्या तुटक्या कडांची आणि अकाली निकामी होणाऱ्या ब्लेडांची बहुतेक कारणे या शिरस्त्यात सापडतात.

पहिला गैरसमज असा, की ब्लेडच्या कडेला धार असते व ती करवतीप्रमाणे कापते. चिरेखाणीतल्या यंत्राचे दातेरी चक्र पाहण्याची ज्यांच्या डोळ्यांना सवय आहे त्यांना असे वाटणे स्वाभाविक आहे. परंतु लादीच्या ब्लेडला दात नसतात. तिच्या कडेवर धातूची भुकटी दाबून व तापवून केलेला एक थर असतो, त्यात हिऱ्याचे बारीक कण रुतलेले असतात, आणि ते कण लादी कापत नाहीत, तर ती रेषेरेषेने झिजवीत जातात. हे हिरे दागिन्यांतले नव्हेत. अमेरिकेतील जनरल इलेक्ट्रिकच्या प्रयोगशाळेत 1954 च्या डिसेंबरात कृत्रिम हिरा तयार झाला, आणि पुढे अशा हिऱ्यांमुळेच हे हत्यार सामान्य गवंड्याच्या आवाक्यात आले.

सर्वांत महागात पडणारा गैरसमज म्हणजे ‘लादी कठीण, तेव्हा ब्लेडचा धातूही कठीण हवा’ हा होय. वस्तुस्थिती नेमकी उलट आहे. हिऱ्याचे कण वापराने बोथटतात. ते गळून पडावेत आणि खालचे ताजे कण उघडे व्हावेत यासाठी त्यांना धरून ठेवणारा धातू योग्य वेळी झिजला पाहिजे. सुमारे 1200 अंश सेल्सिअसला भाजलेली, अर्ध्या टक्क्याहूनही कमी पाणी शोषणारी विट्रीफाइड लादी इतकी घट्ट असते, की तिची पिठासारखी बारीक भुकटी कठीण धातूला झिजवूच शकत नाही. बोथट कण जागीच राहतात, कड आरशासारखी चकाकू लागते आणि ब्लेड नुसतीच घासून तापते. म्हणून अशा लादीस मऊ धातूबंधाची ब्लेड हवी. सच्छिद्र, रखरखीत जांभा किंवा ताजे काँक्रीट मात्र धातू झपाट्याने खाते. तेथे कठीण बंधच टिकतो. चिऱ्याची ब्लेड लादीवर अडते, लादीची ब्लेड चिऱ्यावर पाहता पाहता संपते. तेव्हा दोन ब्लेडांचा खर्च हा अपव्यय नव्हे, असे माझे स्पष्ट मत आहे.

चकाकलेली ब्लेड ‘मेली’ म्हणून फेकून देणे हाही अन्याय आहे. वाळू-सिमेंटच्या ठोकळ्यात तिच्याने चार-सहा उथळ काप घेतले, तर वरचा धातू घासला जाऊन नवे हिरे वर येतात. ती चढवताना तिच्यावरील बाणाची दिशाही पाहावी, कारण प्रत्येक कणामागे धातूची एक लहानशी शेपटी तयार होऊन त्याला आधार देत असते, आणि ब्लेड उलटी फिरली की तो आधार जातो. लादीस अखंड कडेची ब्लेड घ्यावी. खाचांची ब्लेड काँक्रीटसाठी ठीक, तिच्याने लादीचे टवके उडतात.

न्हाणीघरात नळासाठी भोके पाडावयाची ती हिऱ्याच्या पोकळ कोअर बिटने. भिंतीच्या साध्या बिटने, ड्रिल ठोक्यावर ठेवून भोक पाडण्याचा आग्रह धरला, तर लादी तडकलीच म्हणून समजावे. वेगासंबंधीही एक भ्रम आहे : मोठ्या बिटला अधिक फेरे द्यावेत, असे मानले जाते. तेवढ्याच फेऱ्यांत 50 मिलिमीटरच्या बिटची कड 6 मिलिमीटरच्या बिटपेक्षा आठपटींहून अधिक अंतर तोडते; म्हणून बिट जितके रुंद, तितके फेरे कमी ठेवावेत.

पाणी केवळ धूळ दाबण्यासाठी असते, ही समजूतही अपुरी आहे. धूळ दाबणे महत्त्वाचे आहेच, कारण त्या धुळीतील सिलिका फुप्फुसांत कायमची बसते, व कोरडे कापणाऱ्याने योग्य मुखपट्टीवाचून काम करूच नये. परंतु पाणी हिऱ्याला थंड ठेवते आणि भुकटी वाहून नेते, हेही तितकेच खरे. मात्र विजेचे हत्यार व पाणी एकत्र आले, की गळती होताच प्रवाह तोडणारा स्विच त्या जोडणीवर असलाच पाहिजे. जमिनीवरच्या लादीत भोक पाडताना खुणेभोवती मळलेल्या मातीचे, माडाला करतात तसे, लहानसे आळे करून त्यात पाणी भरावे. बिट प्रथम तिरके टेकवून चंद्रकोरीएवढी खाच पाडावी, मग हळूहळू उभे करावे, दर थोड्या वेळाने उचलून आत पाणी जाऊ द्यावे आणि शेवटच्या मिलिमीटरला हात अगदी हलका ठेवावा. बिटमध्ये अडकलेली गोल चकती पुढचे भोक सुरू करण्याआधी खिळ्याने ढकलून काढावी.