पायाचा सांधा दुखतोय? कोणत्या डॉक्टरकडे जायचं, ते आधी ठरवू या

आपल्या माहीमहून (पालघरचं माहीम, मुंबईचं नव्हे) मुंबईच्या मोठ्या रुग्णालयात जायचं म्हणजे अख्खा दिवस मोडतो. रिक्षाने पालघर स्टेशन, तिथून डहाणू लोकल, मग दादर. बोईसर-तारापूरच्या कारखान्यात रोजावर काम करणाऱ्याची त्या दिवशीची हजेरी बुडते. एवढं करून आपण भलत्याच विभागाच्या रांगेत उभे राहिलो, तर पुढच्या आठवड्यात पुन्हा तेच. म्हणून निघण्यापूर्वी थोडी माहिती असलेली बरी.

अमेरिका, ब्रिटनमध्ये पोडियाट्रिस्ट नावाचे फक्त पायांवर उपचार करणारे तज्ज्ञ असतात. आपल्याकडे ते फार थोडे आहेत. त्यामुळे दुखणं कोणत्या प्रकारचं आहे, यावरून डॉक्टर निवडावा लागतो.

पहिला प्रकार चालण्या-उभं राहण्याचा. दिवसभर उभं राहिलं की दुखतं, आराम केला की कमी होतं. अंगठा बाजूला वळलाय, त्याच्या मुळाशी हाड वर आलंय, किंवा जुनी मोच नीट भरली नाही. इथे हाडांचे डॉक्टर, म्हणजे ऑर्थोपेडिक. त्यांच्यातही काही जण पाय आणि घोट्याचं खास काम करतात, ते विचारून घ्यावं. उभं राहून एक्स-रे काढायचा का, हेही विचारावं. वजन पडल्यावर सांधा कसा बसतो, ते त्यात दिसतं.

दुसरा प्रकार सकाळच्या आखडण्याचा. उठल्यावर अर्धा-पाऊण तास पाय टेकवत नाही, दोन्ही पाय दुखतात, हातांची बोटंही सुजतात. हा संधिवात असू शकतो आणि तो पुरुषांपेक्षा बायकांमध्ये जास्त दिसतो. आपल्या घरात अम्मी, खाला "वयामुळे होतं" म्हणून वर्षानुवर्षं सोसतात. तेवढ्या काळात सांधा आतून झिजतो आणि मग वाकडा झालेला परत सरळ होत नाही. इथे रुमॅटॉलॉजिस्ट, म्हणजे संधिवाततज्ज्ञ हवेत. परळच्या केईएम रुग्णालयात हा स्वतंत्र विभाग आहे. "आरए फॅक्टर" निगेटिव्ह आला म्हणून संधिवात नाहीच, असं मात्र धरू नये.

तिसरा प्रकार अचानक येतो. रात्री झोपेत अंगठ्याचा सांधा लाल होतो, चादरसुद्धा सहन होत नाही. हे बहुतेकदा युरिक ॲसिडचं, म्हणजे गाऊटचं दुखणं. बकरी ईदच्या दिवसांत मटण, कलेजी जास्त झाली की काहींना हा त्रास उसळतो. कोळंबी, सुक्या मासळीनेही होतो. सुरुवातीला एमडी फिजिशियन पुरेसे, वारंवार झालं तर रुमॅटॉलॉजिस्ट. ऐन दुखण्यात युरिक ॲसिड नॉर्मलही येऊ शकतं, म्हणून ठणका गेल्यावर तपासणी पुन्हा करावी लागते.

चौथा प्रकार सगळ्यात फसवा. शुगरच्या पेशंटचा पाय सुजतो, गरम लागतो, पण फारसा दुखत नाही, कारण नसांची जाणीव कमी झालेली असते. मोच समजून मालिश करून घेतलं तर आतली हाडं मोडू शकतात. असं दिसलं तर पायावर वजन टाकू नये आणि त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावं. जखम, काळपटपणा किंवा ताप असेल तर थेट कॅज्युअल्टी गाठावी. शुगर असलेल्यांनी वुजू करताना रोज तळवा आणि बोटांमधल्या फटी पाहाव्यात, नंतर पुसून कोरड्या कराव्यात. पाय तपासायची सवय त्यातच लागते.

डॉक्टरांना नेमकं सांगणंही महत्त्वाचं. "पाय दुखतो" एवढ्याने भागत नाही. नमाजमध्ये कायद्यात बसताना उजव्या पायाची बोटं मुडपतात, तेव्हाच दुखत असेल तर तसं सांगा. अंगठ्याच्या मुळाचा सांधा बिघडल्याची ती खूण असू शकते. तोवर खुर्चीवर नमाज पढण्याची सवलत आहेच. सुजेचा फोटो मोबाईलमध्ये काढून ठेवा, कारण नंबर येईपर्यंत सूज उतरलेली असते. रोजच्या वापरातली चप्पल किंवा सेफ्टी शूज सोबत न्या. तळ कुठे झिजलाय, त्यावरून चाल कळते. चालू औषधांची पाकिटंही न्या.

मेडिकलमधून स्वतःच्या मनाने घेतलेल्या गोळ्या दुखणं दाबतात, पण जास्त दिवस घेतल्या तर किडनीला त्रास होऊ शकतो. त्यात स्टेरॉइड असेल तर शुगरही वाढते.

म्हणून आधी जवळच्या सरकारी रुग्णालयात किंवा आपल्या नेहमीच्या डॉक्टरांना दाखवा, रक्त आणि एक्स-रे इथेच करा आणि कोणत्या विभागात जायचं त्याची चिठ्ठी घ्या. भरती किंवा ऑपरेशनची वेळ आली तर महात्मा ज्योतिराव फुले जन आरोग्य योजनेत ते बसतं का, हे योजनेतल्या रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला विचारा. रेशन कार्ड आणि आधार कार्ड घरून निघतानाच पिशवीत टाका.