पावसात झालेला अंतिम सामना

१४ ऑगस्ट १९३६. जर्मनीची राजधानी बर्लिन येथे अकराव्या ऑलिंपिक क्रीडास्पर्धा समाप्तीच्या जवळ आल्या होत्या आणि आभाळातून पाऊस धो धो कोसळत होता. त्या दिवशी भारत व जर्मनी यांचा हॉकीचा अंतिम सामना व्हावयाचा होता. परंतु मैदान पाण्याने भरून गेल्यामुळे तो दुसऱ्या दिवसावर ढकलण्यात आला. १५ ऑगस्ट रोजी ध्यानचंदांच्या नेतृत्वाखाली भारतीय संघाने जर्मनीवर ८-१ असा विजय मिळवला, ही हकीकत आपल्याकडे घरोघरी ठाऊक आहे. त्याच पावसात, त्याच क्रीडानगरीत आणखी एक अंतिम सामना ठरलेला होता. तो मात्र कोणी पुढे ढकलला नाही. तो सामना होता बास्केटबॉलचा. आणि ऑलिंपिकमध्ये या खेळाला मानाचे स्थान मिळाल्यानंतरचा तो पहिलाच अंतिम सामना होता.

बास्केटबॉल हा छपराखाली खेळावयाचा खेळ. तो जन्मालाच आला मुळी बाहेरच्या हवेपासून बचाव करण्यासाठी. मग तो भर पावसात, चिखलात का खेळला गेला, हे समजण्यासाठी पंचेचाळीस वर्षे मागे जावे लागते.

अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स संस्थानात स्प्रिंगफील्ड नावाचे गाव आहे. तेथे वाय. एम. सी. ए. या संस्थेचे शिक्षक तयार करणारे विद्यालय होते. इ. स. १८९१ च्या हिवाळ्यात तेथील अठरा विद्यार्थ्यांच्या एका वर्गाने शिक्षकांना अगदी जेरीस आणले होते. बाहेर बर्फ पडलेले. त्यामुळे फुटबॉल बंद. आत व्यायामशाळेत त्याच त्या कवायती आणि उड्या करून ही धडधाकट तरुण मंडळी कंटाळून गेली होती. विद्यालयातील व्यायाम विभागाचे प्रमुख डॉ. ल्यूथर गुलिक यांनी हा वर्ग जेम्स नेस्मिथ या तरुण शिक्षकाच्या हवाली केला आणि बंदिस्त जागेत खेळता येईल असा नवा खेळ चौदा दिवसांत शोधून काढण्यास सांगितले.

नेस्मिथ हे मूळचे कॅनडाचे. त्यांचा जन्म १८६१ साली ऑन्टॅरिओ प्रांतातील आल्माँट गावाजवळ झाला. आईबापांचे छत्र लहानपणीच हरपल्यामुळे ते आप्तांच्या घरी, शेतावर कष्ट करीत वाढले. प्रथम त्यांनी बाहेरचेच खेळ व्यायामशाळेत खेळवून पाहिले. पण भिंतींच्या आत धक्काबुक्की होऊन विद्यार्थी जखमी होऊ लागले. तेव्हा ते विचार करू लागले, की खेळात धसमुसळेपणा येतो कोठून? खेळाडू चेंडू घेऊन धावतो म्हणून त्याला अडवावे लागते, पाडावे लागते. मग चेंडू हातात घेऊन धावण्यासच बंदी केली तर? पाडापाडीचे कारणच नाहीसे होईल. दुसरा प्रश्न गोलाचा. गोल समोर उभा असला, की जो तो चेंडू सर्व शक्तीनिशी फेकणार आणि तो कोणाला तरी लागणार. येथे त्यांना बालपणीचा एक खेळ आठवला. मोठ्या खडकावर एक दगड ठेवावयाचा आणि दुरून दगड मारून तो पाडावयाचा, असा आपल्याकडील लगोरीची आठवण करून देणारा तो खेळ होता. त्यात नेम धरून जोराने मारलेल्या दगडापेक्षा हलकेच वर उडवून सोडलेला दगड अधिक उपयोगी पडे. म्हणून गोल उंचावर असावा आणि त्याचे तोंड आकाशाकडे असावे, असे नेस्मिथ यांनी ठरवले. आता शक्तीपेक्षा हातातील कसबाला महत्त्व आले. खेळातील एक अडचण अशी मुळापासून तपासून दूर करणे, ही गोष्ट एखाद्या यंत्राच्या शोधापेक्षा कमी नव्हे.

त्यांनी विद्यालयाच्या रखवालदाराकडे दोन खोकी मागितली. खोकी मिळाली नाहीत. पीच नावाची फळे ठेवण्याच्या दोन टोपल्या मिळाल्या. व्यायामशाळेच्या सज्जाच्या कठड्याला दोन टोकांना त्या ठोकण्यात आल्या. तो कठडा जमिनीपासून दहा फूट उंचीवर होता. आजही जगभर बास्केटबॉलची कडी दहा फुटांवरच असते, तिचे कारण एवढेच! खोकी मिळाली असती तर या खेळाचे नाव काय पडले असते, याचीही कल्पना करण्यासारखी आहे. तेरा नियम लिहून भिंतीवर लावले गेले. नऊ-नऊ जणांचे दोन संघ झाले. आणि २१ डिसेंबर १८९१ रोजी फुटबॉलच्या चेंडूने पहिला सामना झाला. संपूर्ण सामन्यात चेंडू टोपलीत एकदाच पडला. टोपलीला बूड होते, त्यामुळे तो वर चढून काढावा लागे.

वाय. एम. सी. ए. च्या शाखा देशोदेशी असल्यामुळे हा खेळ थोड्याच वर्षांत सर्वत्र पसरला. नेस्मिथ पुढे वैद्यकाची पदवी घेऊन कॅन्सस विद्यापीठात व्यायामाचे अध्यापक झाले. त्यांनी आपल्या शोधाचा कधी व्यापार केला नाही. विद्यापीठाच्या संघाचे ते काही वर्षे मार्गदर्शकही होते. पण त्यांच्या संघाने ५५ सामने जिंकले व ६० गमावले. खेळाच्या जनकाच्याच वाट्याला विजयापेक्षा पराजय अधिक आले, हे वाचून हसू येते. त्यांचेच शिष्य फॉग ॲलन हे मात्र नामांकित मार्गदर्शक झाले आणि या खेळाला ऑलिंपिकमध्ये प्रवेश मिळावा म्हणून ॲलन यांनी सतत खटपट केली.

दरम्यान, १९३२ साली जिनिव्हा येथे आठ देशांनी एकत्र येऊन आंतरराष्ट्रीय बास्केटबॉल महासंघ स्थापन केला होता. सर्वांना मान्य असे नियम आणि ते सांभाळणारी संस्था असल्यावाचून राष्ट्राराष्ट्रांतील स्पर्धा होऊ शकत नाही. ती सिद्धता झाल्यावर १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकमध्ये पुरुषांच्या बास्केटबॉलला स्थान मिळाले. आपला खेळ नेस्मिथ यांना प्रत्यक्ष पाहता यावा म्हणून अमेरिकेतील क्रीडाप्रेमी मंडळींनी सामन्यांच्या तिकिटांमागे एकेक सेंट बाजूला काढून त्यांच्या प्रवासखर्चाची तरतूद केली. त्या वेळी त्यांचे वय चौऱ्याहत्तर होते.

बर्लिनमध्ये एकवीस देशांचे संघ खेळले. त्यांत आशियातून जपान, चीन व फिलिपाइन्स आणि आफ्रिकेतून इजिप्त होता. ७ ऑगस्ट रोजी एस्टोनिया व फ्रान्स यांच्यातील सामन्याच्या प्रारंभी नेस्मिथ यांनी स्वहस्ते चेंडू वर उडवून दिला. संयोजकांनी मात्र स्पर्धेची व्यवस्था उघड्यावर, वाळू व माती यांनी बनवलेल्या टेनिसच्या मैदानांवर केली होती. जर्मनीत हा खेळ तेव्हा नवाच होता, आणि मैदानी खेळ मैदानातच व्हावेत, असा तेथील समज दिसतो. हवा कोरडी होती तोपर्यंत हे कसेबसे निभावले.

मैदानाबाहेरच्या घडामोडींची सावलीही या स्पर्धेवर पडली होती. स्पेनच्या संघाची पहिल्या फेरीत अमेरिकेशी गाठ होती; पण जुलै महिन्यात स्पेनमध्ये यादवी युद्ध पेटले आणि तो संघ आलाच नाही. अमेरिकेला २-० असा न खेळताच विजय देण्यात आला. पेरूचा संघ उत्तम खेळत होता. परंतु फुटबॉलमधील एका सामन्याच्या वादावरून त्या देशाने आपले सर्वच खेळाडू परत बोलावले आणि बास्केटबॉलमध्ये पोलंडला आयता विजय मिळाला. जर्मनीत त्या काळी हिटलरची राजवट होती व ज्यू लोकांचा छळ सुरू झाला होता. अमेरिकेच्या संघातील सॅम बाल्टर हा खेळाडू ज्यू होता. अशा देशात खेळावयास जावे की न जावे, हा प्रश्न त्याला फार छळत होता. शेवटी तो गेला, आणि त्याने सुवर्णपदक मिळवले.

फिलिपाइन्सचा संघ या स्पर्धेत पाच सामने खेळला. त्याने मेक्सिकोला ३२-३० असे हरवले. एस्टोनिया, इटली व उरुग्वे यांनाही नमवले. हरला तो फक्त अमेरिकेकडून. तरीही स्पर्धेच्या रचनेमुळे त्याला पाचवा क्रमांक मिळाला, आणि त्याने हरवलेल्या मेक्सिकोला तिसरा! बाद पद्धतीत कोण कोणासमोर केव्हा येतो, यावर पुष्कळ काही अवलंबून असते. तिचा हा दोष आजही पुरता गेलेला नाही. आशियातील कोणत्याही देशाच्या पुरुष संघाला ऑलिंपिकमध्ये त्याहून वरचे स्थान अद्याप मिळालेले नाही.

अंतिम सामना अमेरिका व कॅनडा यांच्यात ठरला. एक नेस्मिथ यांची जन्मभूमी, तर दुसरी कर्मभूमी. कॅनडाचा संघ विंडसर गावचा होता. अमेरिकेच्या संघात बहुतेक खेळाडू दोन ठिकाणचे होते : एक चित्रपट तयार करणारी कंपनी आणि दुसरा तेलशुद्धीचा कारखाना. त्यांच्यातील जो फोर्टनबेरी हा सहा फूट आठ इंच उंचीचा होता. त्या काळी प्रत्येक गुणानंतर चेंडू पुन्हा मैदानाच्या मध्यभागी आणून दोन खेळाडूंच्या मध्ये उडवीत. त्यामुळे उंच खेळाडूचे पारडे फार जड होई.

पंचांच्या शिट्टीबरोबर सामना सुरू झाला तेव्हा मैदानाचे तळे झाले होते. बास्केटबॉलमध्ये खेळाडूला चेंडू जमिनीवर आपटीत पुढे जाता येते. पण येथे आपटलेला चेंडू उसळी न घेता चिखलात रुतून बसे. भिजून जड झालेला चेंडू हातातून निसटे. धावणारा घसरे. मग दोन्ही संघांनी चेंडू जमिनीवर टेकू न देता हातोहात देण्याचाच मार्ग पत्करला. प्रेक्षकांना बसण्यास जागा नव्हती. सुमारे हजार माणसे पावसात उभी राहून सामना पाहत होती. पूर्वार्धात अमेरिकेचे १५ गुण झाले व कॅनडाचे ४. उत्तरार्धाच्या वीस मिनिटांत चिखलाने दोघांनाही सारखेच जखडले : प्रत्येकी केवळ ४ गुण! अमेरिकेने १९-८ असा विजय मिळवला. याच अमेरिकन संघाने कोरड्या मैदानावर फिलिपाइन्सविरुद्ध ५६ गुण केले होते, हे लक्षात घेतले म्हणजे पावसाने काय केले ते कळते. हॉकीच्या सामन्यास एक दिवस मिळाला, तो या सामन्यासही मिळावयास हवा होता. कॅनडा जिंकलाच असता असे नव्हे. परंतु कोण किती चांगले खेळतो, ते तरी दिसले असते.

नेस्मिथ यांच्या हस्ते पदके देण्यात आली : सुवर्णपदक अमेरिकेला, रौप्यपदक कॅनडाला, कांस्यपदक मेक्सिकोला. तिन्ही देश त्यांच्या टोपल्यांच्या शेजारचेच.

याच बर्लिनमध्ये त्या वेळी अमरावतीच्या श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाचे पथकही आले होते आणि त्याने कबड्डीसारख्या भारतीय खेळांची प्रात्यक्षिके दाखवली होती. बास्केटबॉलमध्ये भारताचा संघ मात्र तेथे नव्हता. ऑलिंपिकमध्ये तो उतरला पुढे १९८० साली, मॉस्को येथे.

नेस्मिथ १९३९ च्या नोव्हेंबरात कॅन्ससमध्ये वारले. त्याच वर्षी दुसरे महायुद्ध सुरू झाले होते, त्यामुळे १९४० व १९४४ ची ऑलिंपिक झालीच नाहीत. १९४८ साली लंडनमध्ये स्पर्धा पुन्हा भरल्या, तेव्हा बास्केटबॉलचे सर्व सामने हॅरिंगे येथील बंदिस्त क्रीडागृहात, लाकडी तळावर आणि छपराखाली खेळवण्यात आले.