काळा कोट खुंटीला लावण्यापूर्वी

रात्रीचे साडेदहा वाजून गेलेले असतात. आईने झाकून ठेवलेले ताट गार झालेले असते आणि मुंबईच्या फोर्ट भागातील एखाद्या सॉलिसिटर फर्ममध्ये तिशीच्या आतली वकील मुलगी करारनाम्याचा पाचवा मसुदा तपासत बसलेली असते. अशातच एका कंपनीच्या विधी विभागाकडून बोलावणे येते. वेळेवर घर, ठरलेला पगार. घरचे म्हणतात, ‘विचार कसला करतेस? हो म्हणून टाक!’ मुलगी मात्र गप्प राहते.

तिच्या गप्प राहण्याला कारण असते. प्रश्न केवळ नोकरीचा नसतो, सनदेचाही असतो.

सनदेचे काय?

बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या नियमावलीतील ४९ वा नियम सांगतो की, वकिली चालू असताना पूर्ण वेळ पगारी नोकरी करता येत नाही. नोकरी पत्करली की राज्याच्या बार कौन्सिलला कळवायचे आणि नोकरी असेपर्यंत वकिली थांबवायची. त्यामुळे कंपनीच्याच खटल्यात तिला वकील म्हणून उभे राहता येत नाही; त्यासाठी बाहेरचा वकील नेमावा लागतो.

मनात न्यायाधीश होण्याची इच्छा असेल तर जास्तच विचार करावा. जिल्हा न्यायाधीशपदावर वकिलांमधून थेट नेमणूक होण्यासाठी राज्यघटनेच्या २३३ व्या कलमानुसार किमान ७ वर्षांची वकिली लागते. कनिष्ठ स्तर दिवाणी न्यायाधीशपदासाठीही सर्वोच्च न्यायालयाने मे २०२५ मध्ये ३ वर्षांच्या वकिलीची अट पुन्हा घातली. सनद बाजूला ठेवून कंपनीत घालवलेली वर्षे यात धरली जातील, अशा भरवशावर राहू नये.

ऑक्टोबर २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने आणखी एक गोष्ट स्पष्ट केली. अशील आणि वकील यांच्यातील बोलण्याला भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या १३२ व्या कलमाचे जे संरक्षण मिळते, ते कंपनीच्या पगारी कायदा सल्लागाराला मिळत नाही. कारण तो न्यायालयात वकिली करणारा वकील नसतो. त्यामुळे टेबलावरची प्रत्येक चिठ्ठी जपून लिहावी लागते.

पारड्यात दुसरीकडे

मग कंपनीत जाण्यात फायदा नाहीच का? आहे, आणि तो लहान नाही. अनेक फर्ममध्ये तरुण वकील कर्मचारी नसतात; त्यांना दरमहा ‘रिटेनर’ म्हणून व्यावसायिक शुल्क मिळते. तिथे भविष्यनिर्वाह निधी नाही, ग्रॅच्युइटी नाही. कंपनीत हे लाभ मिळू शकतात. पहिल्या दोन अपत्यांच्या वेळी २६ आठवड्यांची भरपगारी प्रसूती रजा कायद्यानेच ठरलेली आहे.

कामाचा पोतही वेगळा असतो. फर्ममध्ये आज एका अशिलाचे, उद्या दुसऱ्याचे काम येते. मत लिहून दिले की फाईल बंद होते. कंपनीत अशील एकच आणि तोच मालकही. आज दिलेल्या सल्ल्याचे परिणाम वर्षभर डोळ्यांसमोर राहतात. विक्री विभागाला करारावर संध्याकाळपर्यंत सही हवी असते आणि त्यातली अट घातक असते. अशा वेळी साहेबांना ‘नाही’ म्हणण्याची धमक लागते. आणि नुसते ‘नाही’ म्हणून भागत नाही, दुसरी वाटही दाखवावी लागते. धंदा कसा चालतो, हे ज्याला कळून घ्यायचे आहे, त्याला हे काम रमवते. कोर्टात उभे राहिल्याशिवाय ज्याला चैन पडत नाही, त्याचा जीव तिथे गुदमरतो.

निर्णय घेण्यापूर्वी

काही गोष्टी विचारून घ्याव्यात. विधी विभाग थेट कोणाच्या हाताखाली आहे? आधीचा माणूस का सोडून गेला? काम फक्त नोटिसांना उत्तरे देण्याचे आहे की व्यवहार ठरताना सल्लाही विचारला जातो? नेमणूकपत्रात नोटिशीचा काळ किती आहे? पगाराच्या आकड्यातला हातात येणारा भाग किती?

सनद कायमची जात नाही. नोकरी सोडल्यावर बार कौन्सिलकडे अर्ज करून पुन्हा वकिली सुरू करता येते. पण मधल्या काळात जुने अशील दुसरीकडे गेलेले असतात आणि कोर्टातला सराव सुटलेला असतो.

म्हणून घरच्यांनी ‘हो’ म्हणण्याची घाई करू नये. मुलगी थकली आहे म्हणून निघते आहे की तिला खरोखरच ते काम हवे आहे, एवढे तिला शांतपणे विचारावे. थकवा चार दिवसांच्या रजेनेही जातो. त्या रजेनंतरही कंपनीचेच काम खुणावत असेल, तर काळा कोट खुशाल खुंटीला लावावा. वाळवी लागणार नाही, एवढी काळजी मात्र घ्यावी.