गाडी गेल्यानंतरची थरथर

देशात रेल्वेचे लाखाहून अधिक लहानमोठे पूल आहेत आणि त्यांतल्या कित्येकांनी शंभरी ओलांडली आहे. निरीक्षक येतो, तडे आणि गंज पाहतो. आतल्या दुखण्याचा पत्ता मात्र पुलाच्या थरथरीत असतो. गाडी उतरून गेली की पूल काही सेकंद आपल्या स्वतःच्या लयीत हलत राहतो. तडा गेला, सांधा ढिला झाला की ताठपणा घटतो आणि ती लय मंदावते.

थरथर यंत्राने टिपण्याचा हा विषय महाराष्ट्राला नवा नाही. 11 डिसेंबर 1967 च्या पहाटे कोयनेला भूकंप झाला, तेव्हा धरणाच्या आतल्या गॅलरीतल्या त्वरणमापकाने तो हादरा टिपला. ती नोंद आजही जगभरचे अभियंते अभ्यासतात. पण धरणाला तडे कुठे गेले, हे एका ठिकाणच्या यंत्राला सांगता येत नाही. त्यासाठी जागोजागी यंत्रे हवीत, आणि प्रत्येकापर्यंत तार ओढायची तर खर्च आवाक्याबाहेर जातो.

म्हणून बिनतारी संवेदक. कामेश्वरी चेब्रोलू आणि भास्करन रामन हे पवईच्या आयआयटीतले प्राध्यापक. त्यांनी सहकाऱ्यांसह 2008 मध्ये मांडलेली ‘ब्रायमॉन’ ही रचना मला फार मोलाची वाटते, कारण तिने खरी अडचण ओळखली. कंपन मोजणारी चिप स्वस्त मिळते; आडरानातल्या पुलावर तिला वीज कुठून द्यायची, हा प्रश्न आहे. रेडिओ सतत चालू ठेवला तर बॅटरी लवकरच संपते. ब्रायमॉनमधले संवेदक बहुतेक वेळ झोपलेले असतात, अधूनमधून क्षणभर कानोसा घेतात. येणाऱ्या गाडीवरच्या रेडिओचा संदेश लांबूनच कळला की जागे होतात, गाडी पुलावर असतानाची आणि ती गेल्यानंतरची कंपने नोंदवतात. ही माहिती न्यायची कशी? पुढच्या गाडीतून! धावत्या गाडीवरचा रेडिओ ती उचलून घेतो. पुलापाशी मोबाइलची रेंज नसली तरी अडत नाही. प्रत्येक गाळ्याचे संवेदक आपापला स्वतंत्र गट करून काम करतात, त्यामुळे पूल लांब असला तरी गुंता वाढत नाही.

मोठ्या पुलांवरही बिनतारी मोजणी करून पाहिली गेली. सॅन फ्रान्सिस्कोच्या गोल्डन गेटवर 64, तर कोरियातल्या जिंदो पुलावर सुरुवातीला 70 बिनतारी संवेदक बसवले होते.

तापमानाने मात्र घोटाळा होतो. दौंडच्या वैशाखातले ऊन आणि मार्गशीर्षातली पहाट यांत तोच धडधाकट पूल वेगळ्या लयीत हलतो, आणि हा फरक बारीक तड्याने पडणाऱ्या फरकाइतका असू शकतो. म्हणून निदान वर्षभराची, सगळ्या ऋतूंची नोंद हाती हवी, आणि ती पूल ठणठणीत असतानाची हवी. आपल्याकडे पूल कोसळला की यंत्रांची आठवण होते. तोवर तुलनेला लागणारी निरोगी लय कायमची हरवलेली असते.