चोवीस तास बातम्या: आपल्याला नेमकं काय मिळतं?

आजचा प्रश्न एका श्रोत्याने पाठवलाय आणि तो सरळ आहे. चोवीस तास चालणारी न्यूज चॅनल्स आणि मोबाइलवर दर पाच मिनिटांनी वाजणारी नोटिफिकेशन्स, यातून लोकांचं खरंच भलं होतं का?

माझं उत्तर द्यायला मला ऑगस्ट २०१९ मध्ये जावं लागेल. मी पुण्यात नोकरीला होतो, आई-बाबा सांगलीत, गावभागात. कृष्णेला पूर आला होता. घरातली लाइट गेलेली, म्हणजे टीव्ही बंद, आणि फोनची बॅटरी जपून वापरायची. बाबा दोन-तीन तासांनी एकदा फोन सुरू करायचे आणि एकच विचारायचे, "पाणी किती चढलंय? टीव्हीवर काय सांगतायत?"

मी त्या दिवशी सकाळपासून चार तास एक चॅनल लावून बसलो होतो. आणि बाबांना सांगायला माझ्याकडे काहीच नव्हतं. स्क्रीनवर 'हाहाकार' होता, 'महाप्रलय' होता, एकच ड्रोनचा शॉट फिरून फिरून येत होता, कोपऱ्यात 'लाइव्ह' लिहिलेलं. तो शॉट आत्ताचा की कालचा, कळायला मार्ग नव्हता. शेवटी चुलतभावाने व्हॉट्सअॅपवर पाटबंधारे खात्याच्या पूर नियंत्रण कक्षाचा आकडा पाठवला: आयर्विन पुलाजवळ बावन्न फूट आणि वाढतंय. मी तो आईला सांगितला. ती लगेच म्हणाली, "अरे, २००५ ला त्रेपन्न-चोपन्न झालं तेव्हा आपल्या पायरीला पाणी लागलं होतं. निघायला पाहिजे." अर्ध्या तासात दोघं घराबाहेर पडले. त्या वर्षी पाणी ५७ फुटांपर्यंत गेलं.

चार तासांच्या प्रक्षेपणातून जे मिळालं नाही, ते एका ओळीच्या मेसेजमधून मिळालं. असं का होतं, हे आज समजून घेऊ.

पहिलं कारण साधं गणित आहे. पूर्वी मुंबई दूरदर्शनवर संध्याकाळी सातच्या बातम्या लागायच्या. दिवसभरात जे घडलं त्यातलं महत्त्वाचं निवडून थोडक्यात सांगायचं. १९८० मध्ये अमेरिकेत सीएनएन सुरू झालं आणि चोवीस तासांचा साचा आला. आपल्याकडे मराठीत २००७-०८ च्या सुमारास अशी चॅनल्स एकामागोमाग एक आली. आता बघा, बातम्या घडण्याचा वेग काही वाढला नाही, पण भरायचा वेळ अनेक पटींनी वाढला. आम्हा सॉफ्टवेअरवाल्यांच्या भाषेत सांगायचं तर लूप चालूच आहे, नवीन डेटा आला असो वा नसो. मग जुनाच डेटा पुन्हा छापला जातो, फक्त फॉन्ट मोठा करून.

दुसरं कारण पैशाचं. सांगलीत चार ठिकाणी वार्ताहर, कॅमेरा आणि गाडी पाठवायला खर्च येतो. स्टुडिओत चार जणांना बसवून भांडायला लावणं त्यामानाने फुकटात पडतं. म्हणून रात्रीचा प्राइम टाइम चर्चेने भरलेला असतो.

तिसरं कारण टीआरपी. हा आकडा प्रत्येक घरातून येत नाही. 'बार्क' ही संस्था निवडक घरांत मीटर बसवते. २०२० मध्ये अशी साधारण ४४ हजार घरं होती आणि देशात टीव्ही असलेली घरं सुमारे २० कोटी. म्हणजे एक मीटर साडेचार हजार घरांच्या वतीने बोलतो. त्यातही एका भाषेतल्या बातम्या बघणारी घरं अजून कमी. सॅम्पल इतकं लहान झालं की थोडी घरं इकडची तिकडे झाली तरी क्रमवारी बदलते. ऑक्टोबर २०२० मध्ये मुंबई पोलिसांनी टीआरपीत फेरफार झाल्याच्या आरोपावरून गुन्हा दाखल केला आणि बार्कने न्यूज चॅनल्सचे साप्ताहिक आकडे थांबवले. ते मार्च २०२२ मध्ये परत सुरू झाले, पण चार आठवड्यांची सरासरी काढून. दर आठवड्याच्या चढउतारामागे धावणं थोडं कमी व्हावं, हा त्यातला फायदा.

आता कोणी म्हणेल, आरडाओरडा झाला तर झाला, नुकसान काय? नुकसानाचं सगळ्यात गंभीर उदाहरण आपल्याच राज्यातलं आहे. २६ नोव्हेंबर २००८ चा मुंबईवरचा हल्ला. कमांडो कुठे उतरतायत, कुठल्या बाजूने आत शिरतायत, हे सगळं थेट दिसत होतं. आणि पाकिस्तानात बसलेले सूत्रधार तेच टीव्हीवर बघून अतिरेक्यांना फोनवर सूचना देत होते. कसाबच्या खटल्यात ऑगस्ट २०१२ मध्ये निकाल देताना सर्वोच्च न्यायालयाने याची वेगळी नोंद घेतली. अशा थेट प्रक्षेपणाने देशहित साधलं नाही, चॅनल्सनी स्वतःचा धंदा बघितला आणि सुरक्षा धोक्यात आणली, असं न्यायालयाचं म्हणणं होतं. पुढे २०१५ मध्ये केबल टीव्हीच्या नियमांत बदल झाला: अतिरेक्यांविरुद्धची कारवाई चालू असताना थेट प्रक्षेपण नाही, नेमलेला अधिकारी वेळोवेळी देईल तेवढीच माहिती दाखवायची.

मग चोवीस तासांच्या बातम्या बंदच कराव्यात का? माझं मत, नाही. त्याच पुरात दुसरी बाजूही मी बघितली. महामार्ग बंद होता, गावंच्या गावं पाण्यात होती. ब्रह्मनाळला बोट उलटून माणसं गेली. काही वार्ताहर कमरेएवढ्या पाण्यात उभे राहून सांगत होते की इथे बोट पोचलेली नाही, इथे प्यायला पाणी नाही. ते दिसल्यावर राज्यभरातून मदतीचे टेम्पो निघाले. सातच्या बातम्यांची वाट बघत बसलो असतो तर ते इतक्या लवकर झालं नसतं.

म्हणजे फरक कुठे आहे? मी स्वतःला दोन प्रश्न विचारतो. एक, परिस्थिती खरोखर तासातासाला बदलतेय का? दोन, हे ऐकून मी काही वेगळं करणार आहे का? दोन्हींचं उत्तर 'हो' असेल तर सतत बातम्या बघायला अर्थ आहे. पूर, वादळ, बंद पडलेला रस्ता, निवडणुकीची मतमोजणी. एखादं उत्तर 'नाही' असेल तर ती बातमी रात्री एकदा वाचली तरी चालते. मोबाइललाही हेच लागू. नोटिफिकेशन पाठवणाऱ्याला आपला क्लिक हवा असतो. आपल्याला माहिती मिळाली की नाही, हे तो मोजतच नाही.

मी तीन सवयी लावून घेतल्यात. न्यूज अॅप्सची नोटिफिकेशन्स बंद, बातम्या दिवसातून दोनदा. व्हिडिओ पुढे पाठवण्याआधी तो कुठला आणि कधीचा, हे शोधायचं. नाही सापडलं तर पाठवायचा नाही. आणि संकटात आधी आकडा शोधायचा: धरणातून सोडलेला विसर्ग, पुलाजवळची पातळी, हवामान खात्याचा इशारा. चित्र नंतर.

जुलै २०२१ मध्ये सांगलीत पुन्हा पूर आला. या वेळी बाबांनी मला काही विचारलं नाही. त्यांचाच फोन आला, "कोयनेचा विसर्ग वाढवलाय. ते पाणी इथे यायला वेळ आहे, पण आम्ही आजच मावशीकडे जातोय." मी म्हटलं, टीव्ही बघितलात का?

"नाही रे," बाबा म्हणाले, "सामान माळ्यावर टाकत होतो."

भेटू पुढच्या भागात. तुमच्या भागातली नदी, धरण किंवा घाट, याची खरी माहिती तुम्ही कुठून घेता ते नक्की कळवा.