बिलातले शेवटचे शंभर युनिट

खालापूर तालुक्यातील खोपोली येथे १९१५ साली टाटांचे जलविद्युत केंद्र सुरू झाले आणि लोणावळा परिसरातील वळवण, शिरवता यांसारख्या तलावांत साठवलेले पावसाचे पाणी घाटाखाली उतरवून तयार केलेली वीज मुंबईच्या कापड गिरण्यांना मिळू लागली. पुढे १९२२ मध्ये कर्जत तालुक्यात भिवपुरीचे केंद्र उभे राहिले. देशातील वीजनिर्मितीच्या आरंभकाळात मानाचे स्थान असलेल्या या पट्ट्यात आज कर्जत, नेरळ, भिवपुरी रोड आणि खोपोली या लोकलच्या स्थानकांभोवती एका खोलीच्या किंवा एका बेडरूमच्या सदनिकांच्या इमारती उभ्या राहिल्या आहेत. त्यांत मुंबईला रोज ये-जा करणारे नोकरदार राहतात, भाडेकरू राहतात, तसेच शनिवार-रविवारपुरते येणारे मालकही असतात. भाडेकरूकडे अनेकदा गॅसची जोडणी नसते आणि सुट्टीपुरत्या घरात सिलिंडर ठेवणे मालकाला गैरसोयीचे वाटते, त्यामुळे स्वयंपाक इंडक्शन शेगडीवर, अंघोळीचे पाणी गिझरवर आणि उन्हाळ्यातील झोप एसीच्या भरवशावर, अशी संपूर्ण विजेवर चालणारी सदनिका तयार होते. जागा लहान असूनही अशा घराचे बिल मोठे का येते आणि ते उतरवायचे असेल तर सुरुवात कोठून करावी, हे समजून घेण्यासाठी प्रथम बिलाचीच रचना पाहणे आवश्यक आहे.

बिलाचे अंकगणित

या दोन्ही तालुक्यांत महावितरणचा वीजपुरवठा आहे आणि घरगुती विजेचे दर महाराष्ट्र वीज नियामक आयोग ठरवतो. महावितरणचे दर तिच्या राज्यभरातील क्षेत्रासाठी सारखेच असल्यामुळे वीज केंद्र शेजारी असण्याचा लाभ ग्राहकाच्या बिलात उतरत नाही. बिलावर मुख्यतः पाच रकमा दिसतात. स्थिर आकार हा वापर कितीही असला तरी द्यावा लागतो. वीज आकार हा वापरलेल्या युनिटांचा. वहन आकार हा ती वीज तारांमधून घरापर्यंत आणण्याचा. इंधन समायोजन आकार हा वीजखरेदीच्या खर्चातील चढउतारांचा. आणि या सर्वांवर १६ टक्के वीज शुल्क हा राज्य शासनाचा कर. एक हजार वॅटचे उपकरण एक तास चालले की एक युनिट वीज खर्च होते.

वीज आकाराचे चार टप्पे आहेत: पहिली १०० युनिटे, १०१ ते ३००, ३०१ ते ५०० आणि त्यापुढील वापर. प्राप्तिकराप्रमाणे येथेही वरच्या टप्प्याचा दर केवळ त्या टप्प्यातील युनिटांना लागतो. २०२४-२५ या आर्थिक वर्षात हे दर अनुक्रमे ४.७१, १०.२९, १४.५५ आणि १६.६४ रुपये होते, तर वहन आकार प्रतियुनिट १.१७ रुपये होता. वीज शुल्क मिळवले की पहिल्या शंभरातील एक युनिट सुमारे ६.८२ रुपयांना, त्यापुढील दोनशेतील युनिट १३.२९ रुपयांना आणि तीनशेच्या पुढचे युनिट १८.२४ रुपयांना पडत होते. दर पुढे बदलले आणि बदलत राहतील, परंतु टप्प्यांची चढण कायम आहे आणि बचतीचे सारे गणित तिच्यावरच उभे आहे.

एखाद्या घराचा महिन्याचा वापर ३५० युनिटांवरून २५० वर आला, तर त्या वर्षीच्या दरांनी स्थिर आकार आणि इंधन समायोजन वगळता बिल सुमारे ४,२५३ रुपयांवरून २,६७६ रुपयांवर उतरते. वापर २९ टक्क्यांनी घटला, पण बिल ३७ टक्क्यांनी घटले, कारण वाचलेली शंभर युनिटे सर्वांत महागड्या टप्प्यांतली होती. म्हणूनच प्रत्येक दिव्यामागे धावण्यापेक्षा ही शेवटची शंभर युनिटे कोणत्या उपकरणात जातात, हे शोधणे अधिक फलदायी ठरते.

उष्णतेचा खर्च

या प्रश्नाचे उत्तर बहुतेक घरांत एकच निघते: उष्णता निर्माण करणे आणि उष्णता बाहेर फेकणे. नऊ वॅटचा एलईडी दिवा रोज सहा तास जळला तरी महिन्याला दोन युनिटेसुद्धा होत नाहीत. उलट दोन हजार वॅटचा गिझर अर्ध्या तासात एक युनिट संपवतो.

एक लिटर पाणी एक अंश सेल्सिअसने तापवण्यास १.१६ वॅट-तास ऊर्जा लागते. त्यामुळे २६ अंशांच्या पाण्याची २० लिटरची बादली ४० अंशांपर्यंत आणण्यास सुमारे एक तृतीयांश युनिट पुरते. मिनिटाला आठ लिटर पाणी देणाऱ्या शॉवरखाली दहा मिनिटे अंघोळ केली तर ८० लिटर पाणी आणि १.३ युनिटे लागतात. तिघांच्या कुटुंबात बादलीने महिन्याला साधारण ३० युनिटे, तर शॉवरने ११७ युनिटे असा हा फरक आहे. शॉवर सोडायचा नसेल तर कमी प्रवाहाची जाळी बसवून आणि अंघोळीचा वेळ आटोपता ठेवूनही त्यातील मोठा भाग वाचतो. गिझर दिवसभर चालू ठेवल्यास टाकीतील उष्णता भिंतीतून सतत झिरपत राहते आणि थर्मोस्टॅट, म्हणजे ठरावीक तापमानाला वीज तोडणारी आणि जोडणारी कळ, ती तूट पुन्हा पुन्हा भरून काढतो. म्हणून अंघोळीच्या आधी थोडा वेळ गिझर लावून नंतर बटण बंद करणे हा सर्वांत सोपा उपाय ठरतो. विजेऐवजी गॅसचा गिझर बसवायचा झाल्यास तो बंद स्नानगृहात कदापि लावू नये, कारण अपुऱ्या हवेत जळणाऱ्या गॅसपासून तयार होणारा कार्बन मोनॉक्साइड वायू जीवघेणा असतो.

स्वयंपाकाचे गणित अधिक विचार करायला लावणारे आहे. इंडक्शन शेगडी चुंबकीय क्षेत्राच्या साहाय्याने थेट भांड्याच्या तळातच उष्णता निर्माण करते, त्यामुळे तिच्या ऊर्जेपैकी सुमारे ८५ टक्के अन्नापर्यंत पोहोचते. गॅसच्या ज्योतीची बरीच उष्णता भांड्याच्या कडेने निसटून जाते. तरीही किमतीत गॅस सरस ठरतो. १४.२ किलोच्या सिलिंडरमध्ये सुमारे १८० युनिटांइतकी उष्णता असते आणि तिच्यातून होणारा स्वयंपाक इंडक्शनवर करायचा तर साधारण १३० युनिटे लागतात. २०२४-२५ मध्ये मुंबईत या सिलिंडरची किंमत ८०२.५० रुपये होती. तेवढाच स्वयंपाक विजेवर १०१ ते ३०० च्या टप्प्यात दुपटीहून अधिक, तर तीनशेच्या पुढे जवळजवळ तिप्पट महाग पडत होता. ज्या कुटुंबाला गॅसची जोडणी घेणे शक्य आहे त्याने ती घेणे, हा म्हणूनच बिल उतरवण्याचा सर्वांत मोठा उपाय ठरू शकतो. पत्त्याचा पुरावा नसलेल्या भाडेकरूंसाठी तेल कंपन्या केवळ ओळखपत्रावर पाच किलोचा छोटा सिलिंडर देतात. त्याचा दर किलोमागे अधिक असला तरी विजेच्या वरच्या टप्प्याशी त्याची तुलना करून पाहावी. स्वयंपाक विजेवरच करायचा असेल तर डाळ-तांदूळ अर्धा तास भिजवून प्रेशर कुकरमध्ये शिजवावेत, पहिली शिट्टी होताच आच कमी करावी आणि सपाट तळाचीच भांडी वापरावीत.

उन्हाळा आणि पावसाळा

सह्याद्रीच्या पायथ्याचा हा भाग समुद्रापासून आत असल्यामुळे खाऱ्या वाऱ्यांचा गारवा येथे किनाऱ्याइतका पोहोचत नाही. रायगड जिल्ह्यातीलच भिरा येथे मार्च २०१७ मध्ये ४६.५ अंश तापमानाची नोंद झाली होती. मार्च ते जून या काळात बिल फुगते ते मुख्यतः एसीमुळे. दीड टनाचा एसी म्हणजे पूर्ण क्षमतेने चालताना दर तासाला सुमारे ५.३ युनिटांइतकी उष्णता खोलीबाहेर फेकणारे यंत्र. त्यासाठी त्याला स्वतःला किती वीज लागते, हे त्याच्या कार्यक्षमतेवर अवलंबून असते. ब्युरो ऑफ एनर्जी एफिशियन्सी या केंद्रीय संस्थेच्या तारांकित पट्टीवर १,६०० तासांच्या वापराचा वार्षिक वीजखर्च छापलेला असतो; त्या आकड्याला १,६०० ने भागले की तासाचा सरासरी वापर मिळतो आणि दुकानात दोन यंत्रांची खरी तुलना करता येते. याच संस्थेच्या म्हणण्यानुसार तापमान एका अंशाने वाढवल्यास सुमारे ६ टक्के वीज वाचते, आणि १ जानेवारी २०२० पासून नव्या एसींचे मूळ तापमान २४ अंश ठेवणे बंधनकारक आहे. एसी २६ अंशांवर ठेवून सोबत पंखा लावला की बहुतेकांना तेवढाच गारवा जाणवतो.

त्याआधी उष्णता घरात शिरूच न देणे अधिक स्वस्त पडते. वरच्या मजल्यावरील सदनिकेचा काँक्रीटचा स्लॅब दिवसभर तापतो आणि ती उष्णता रात्री उशिरापर्यंत खोलीत सोडतो. गच्चीवर पांढरा उष्णतारोधक लेप किंवा चिनी मातीच्या तुकड्यांचे मोझॅक केल्यास त्याचा ताप कमी होतो. पश्चिमेच्या खिडकीवर काचेच्या आतील पडद्यापेक्षा बाहेरून लावलेली बांबूची चिक अधिक उपयोगी असते, कारण ऊन काचेपर्यंत पोहोचण्याआधीच ती अडवते.

पावसाळ्यात गारवा मिळाला तरी दमट हवेमुळे पंखे रात्रंदिवस फिरत राहतात. जुना पंखा सुमारे ७५ वॅट घेतो, तर कार्बन ब्रशविना चालणाऱ्या मोटरचा, म्हणजे बीएलडीसी पंखा ३० वॅटच्या आसपास घेतो. रोज पंधरा तासांच्या वापरात एका पंख्यामागे महिन्याला सुमारे २० युनिटे वाचतात. फ्रिजच्या दाराच्या रबरी पट्टीवर याच दिवसांत बुरशी धरते आणि ती सैल पडली की फ्रिजची मोटर अधिक वेळ चालते. दारात कागदाची पट्टी अडकवून ओढावी, ती सहज सुटली तर रबर बदलण्याची वेळ झाली आहे असे समजावे.

मीटरची तपासणी

उपकरणांचा अंदाज लावण्यापेक्षा मीटरलाच विचारणे अधिक विश्वसनीय. इलेक्ट्रॉनिक मीटरवर एक लाल दिवा लुकलुकतो आणि त्याच्या शेजारी एका युनिटामागे किती लुकलुकी होतात हे छापलेले असते. हा आकडा ३,२०० असेल आणि दोन लुकलुकींमध्ये दहा सेकंदांचे अंतर असेल, तर घरात त्या क्षणी सुमारे ११२ वॅट वीज वापरली जात आहे. घरातील सर्व उपकरणांची बटणे बंद करून, फ्रिजचा प्लग काढून पाच-सहा मिनिटे मीटरकडे पाहावे. दिवा तरीही लुकलुकत राहिला तर वायरिंगमध्ये गळती आहे किंवा कोणाची तरी तार या मीटरला जोडलेली आहे, आणि अशा वेळी अधिकृत वायरमन बोलवावा. त्यानंतर एकेक उपकरण लावून लुकलुकीचा वेग मोजला की प्रत्येकाचा खरा खर्च कळतो.

सुट्टीपुरत्या घरांत वेगळी अडचण असते: मीटर बंद दाराआड असल्यास रीडिंग मिळत नाही आणि सरासरीवर बिल येते. मोबाइल ॲपवरून मीटरचे छायाचित्र आणि रीडिंग पाठवण्याची सोय महावितरणने केलेली आहे, आणि घर सोडताना गिझर, फ्रिज व वायफायचे बटण बंद करण्याची सवय तितकीच उपयोगी आहे. स्मार्ट मीटर बसलेल्या घरगुती ग्राहकांसाठी सकाळी ९ ते सायंकाळी ५ या वेळेतील वापरावर प्रतियुनिट सवलत जुलै २०२५ पासून आणण्यात आली. ती आपल्या बिलात दिसत असल्यास धुण्याचे यंत्र आणि इस्त्री दुपारी उरकणे फायद्याचे ठरते.

घर घेतानाचे प्रश्न

फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झालेल्या पीएम सूर्यघर योजनेत घरमालकाला तीन किलोवॅट किंवा अधिक क्षमतेसाठी कमाल ७८ हजार रुपये अनुदान मिळते, परंतु सदनिकाधारकाला स्वतंत्र छत नसते. गृहनिर्माण संस्थांना सामायिक सुविधांसाठी किलोवॅटमागे १८ हजार रुपयांचे अनुदान आहे. पाण्याचा पंप, लिफ्ट आणि जिन्यातील दिवे त्यातून चालवल्यास देखभाल शुल्क कमी होऊ शकते, मात्र सदनिकेच्या आतील बिल तेवढेच राहते. ते उतरवण्याचे काम सदनिकेच्या आतच करावे लागते आणि त्यातील बराच भाग घर घेण्यापूर्वीच ठरून जातो.

म्हणून कर्जत-खालापूरमध्ये लहान घर शोधणाऱ्या कुटुंबाने दर चौरस फुटामागील भावाबरोबर आणखी काही प्रश्न विचारणे अगत्याचे आहे. इमारतीत पाइप गॅस आहे किंवा निदान सिलिंडर ठेवण्यास हवेशीर जागा आहे का, गच्चीवर सौर गिझरची सोय आहे का, सदनिका वरच्या मजल्यावर असल्यास स्लॅबवर उष्णतारोधक थर दिलेला आहे का, शयनगृहाची खिडकी पश्चिमेला आहे का आणि प्रत्येक सदनिकेला स्वतंत्र मीटर आहे का. दोन भाडेकरूंची वीज एकाच मीटरवर गेली तर दोघांचाही वापर मिळून वरच्या टप्प्यात जातो आणि काटकसर करणाऱ्यालाही महागड्या दराने पैसे मोजावे लागतात. हे प्रश्न ग्राहक विचारू लागले तर बिल्डरही त्यांची उत्तरे नकाशातच देऊ लागतील, आणि मर्यादित पगारात घर चालवणाऱ्या कुटुंबांना दर महिन्याच्या बिलातील शेवटच्या शंभर युनिटांचे ओझे सुरुवातीपासूनच वाहावे लागणार नाही.