शाळेऐवजी घरातलं टेबल

अमेरिकेतली धर्मनिष्ठ ख्रिस्ती कुटुंबं मुलांना शाळेत न घालता घरी का शिकवू लागली, याचा माग १९६२ आणि १९६३च्या दोन निकालांपर्यंत जातो. सरकारी शाळेने मुलांकडून प्रार्थना म्हणवून घेणं आणि रोज बायबल वाचणं सर्वोच्च न्यायालयाने घटनाबाह्य ठरवलं. उत्क्रांतिवाद, लैंगिक शिक्षण यांची भर पडली आणि ही शाळा आता आपली राहिली नाही, असं अनेक घरांत पक्कं झालं. आधी चर्चने स्वतःच्या शाळा काढल्या. (दक्षिणेतल्या काही शाळांमागे गोऱ्या मुलांशेजारी काळी मुलं बसू नयेत हाही हेतू होता, ते झाकायचं कारण नाही.) जिथे फी परवडेना किंवा शाळाच मनासारखी मिळेना, तिथे बहुतेक वेळा आईच बाई झाली. आधार बायबलमधल्या ‘अनुवाद’ या पुस्तकाच्या सहाव्या अध्यायाचा. देवाच्या आज्ञा मुलांच्या मनावर बिंबवणं हे आईबापांचं काम आहे, सरकारचं नव्हे, असा अर्थ त्यातून काढला गेला.

गंमत अशी की घरी शिकवण्याचा झेंडा आधी खांद्यावर घेणाऱ्यांत जॉन होल्ट होते आणि त्यांना धर्माशी काही देणंघेणं नव्हतं. त्यांची तक्रार शाळेतल्या भीतीविषयी आणि घोकंपट्टीविषयी होती. आपल्या पुण्या-मुंबईतले घरी शिकवणारे पालकही बरेचसे याच कारणाने शाळेबाहेर पडतात. भाविकांना जवळचं वाटलं ते रेमंड आणि डोरोथी मूर हे अ‍ॅडव्हेंटिस्ट पंथाचं जोडपं. मुलांना शाळेत घालायची घाई नको, असं त्यांनी १९७५च्या पुस्तकात मांडलं आणि जेम्स डॉब्सन यांच्या ख्रिस्ती रेडिओ कार्यक्रमातून ते घरोघरी पोचलं.

खरी लढाई झाली ती कोर्टात. मिशिगनमध्ये घरी शिकवायचं तरी सरकारमान्य शिक्षक हवा, असा नियम होता. तिथल्या डिजाँग दाम्पत्याने तो नाकारला. आपल्या मुलांना कोणी शिकवावं याचा परवाना सरकारकडून घेणं म्हणजे पाप, अशी त्यांची श्रद्धा. खटला चालला, प्रत्येकी २०० डॉलर दंड आणि दोन वर्षं प्रोबेशन. मुलं नीट शिकत नाहीत, असा आरोप सरकारी पक्षाने केलाच नाही! प्रश्न फक्त प्रमाणपत्राचा होता. १९९३ मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने ४ विरुद्ध ३ मतांनी शिक्षा रद्द केली. धर्मश्रद्धेच्या कारणाने घरी शिकवणाऱ्यांना प्रमाणपत्राची अट लावता येणार नाही, असं ठरलं.

तोवर १९८३ मध्ये मायकेल फॅरिस आणि माइक स्मिथ यांनी काढलेली, घरी शिकवणाऱ्यांची बाजू कोर्टात लढवणारी संघटना जोरात होती. १९९४ मध्ये एका विधेयकातलं कलम अशाच प्रमाणपत्राची सक्ती आणेल, असा इशारा तिने दिला. फोनवर फोन येऊन अमेरिकी काँग्रेसच्या लाइनी तुंबल्या आणि सभागृहाने ४२४ विरुद्ध १ मतांनी घरी शिकवणाऱ्यांना अभय दिलं.

पुढे चित्र पालटलं. २००७ मध्ये घरी शिकणारी मुलं १५ लाखांवर गेली. तेव्हा ३६ टक्के पालकांनी धार्मिक-नैतिक शिक्षण हेच मुख्य कारण सांगितलं होतं. २०१६ मध्ये तसं सांगणारे १६ टक्केच उरले. शाळेतल्या वातावरणाची काळजी पुढे आली. कोविडच्या २०२० सालात तर घरी शिकवणाऱ्या कृष्णवर्णीय कुटुंबांचं प्रमाण काही महिन्यांत ३.३ वरून १६.१ टक्क्यांवर गेलं. भाविकांनी भांडून मोकळी केलेली वाट आता सगळेच वापरतात.

या साऱ्या भांडणात एक पक्ष मात्र कधी विचारला गेला नाही, तो म्हणजे मुलं. त्या घरांत वाढलेले काही जण मोठे होऊन २०१३ पासून उघडपणे बोलू लागले. कुणाचं गणित कच्चं राहिलं, कुणाला घरात मार बसला आणि बाहेरच्या कुणाच्या ते नजरेस पडलं नाही. घरी शिकवणं बंद करा, असं त्यांच्या संघटनेचं म्हणणं नाही. मुलांची नोंद व्हावी आणि वर्षातून एकदा बाहेरच्या कुणीतरी त्यांचा अभ्यास पाहावा, असं ते मागतात. अनेक राज्यांत पालकांना यातलं काहीच करावं लागत नाही. श्रद्धेचा पूर्ण मान राखूनही ही मागणी मला रास्त वाटते.